तापनियंत्रित मायक्रोस्कोप स्टेज: अकरा महिने, चौदा नमुने

पेटीवर ठळक अक्षरांत छापलं आहे: तापमान स्थैर्य ±०.००१ अंश सेल्सिअस. दावा खोटा नाही, हे आधीच सांगून टाकते. फक्त कशाचं तापमान, ते तिथे लिहिलेलं नाही, आणि माझे पहिले अडीच महिने त्या न लिहिलेल्या शब्दापायी गेले.

वस्तू अशी आहे: मायक्रोस्कोपखाली नमुना ठेवायचा आणि त्याचं तापमान स्थिर राखायचा हा चौथरा, म्हणजे स्टेज. तळहातावर मावेल एवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्याच्या मधोमध ८ मिमी व्यासाचं भोक. भोकावर नमुना ठेवायचा, खालून उजेड जातो, वरून ऑब्जेक्टिव्ह (मायक्रोस्कोपचं नमुन्याकडचं भिंग) बघतं. ठोकळ्याच्या पोटात थर्मिस्टर (तापमानाबरोबर विजेला होणारा रोध बदलणारा तापमापक), त्याखाली पेल्टियर (विजेवर गरम-गार करणारी चकती), आणि पेल्टियरची उष्णता वाहून न्यायला पाण्याची नळी. सोबत नियंत्रकाची वेगळी पेटी, काच बसवलेलं झाकण, सफायरची १ मिमी जाडीची चकती आणि एक माहितीपुस्तिका, जी वाचून काहीच कळत नाही. नेहमीच्या उभ्या मायक्रोस्कोपवर चार स्क्रूंनी बसते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. यातल्या बऱ्याच तक्रारी या धाटणीच्या कुठल्याही स्टेजला लागू पडतील, आणि एकाच कंपनीच्या माथी त्या मारणं मला बरं वाटत नाही.

मी ती घेतली क्रांतिक बिंदूजवळचे द्रव बघायला. क्रांतिक बिंदू म्हणजे जिथे दोन अवस्थांमधला फरकच पुसला जातो ती जागा: द्रव आणि वायू यांच्यातला, किंवा न मिसळणाऱ्या दोन द्रवांमधला. एरवी पेशी किंवा स्फटिक बघणाऱ्यांना मिलिकेल्विनची, म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागाची, गरजच नसते; ०.१ अंश मिळाला तरी त्यांचं काम भागतं. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर पुढचं वाचू नका, स्टेज उत्तम आहे, घेऊन टाका.

माझा नेहमीचा नमुना म्हणजे पाणी आणि २,६-ल्युटिडीन हा सेंद्रिय द्रव. खोलीच्या तापमानाला दोघं एकजीव होतात आणि ३४ अंशांच्या आसपास तापवलं की फारकत घेतात. अनेक जोड्या तापवल्यावर जास्त मिसळतात, ही उफराटी आहे. वजनाने साधारण २८ टक्के ल्युटिडीन घेतलं तर फारकतीच्या अगदी उंबरठ्यावर द्रवाची चलबिचल सुरू होते. कुठे ल्युटिडीन किंचित जास्त, कुठे पाणी किंचित जास्त, आणि हे ठिपके सारखे बनत-विरत राहतात. ल्युटिडीनचा अपवर्तनांक (उजेड वाकवण्याचं माप) १.५० च्या आसपास, पाण्याचा १.३३, त्यामुळे प्रत्येक ठिपका उजेडाला थोडा वाकवतो. परीक्षानळीत हे घडलं की द्रव दुधासारखा पांढरा होतो. हा दुधाळपणा कशाने येतो ते स्मोलुचोव्स्कीने १९०८ मध्ये घनतेच्या चढउतारांवरून सांगितलं आणि १९१० मध्ये आइन्स्टाइनने त्याचं गणित मांडलं.

आता मायक्रोस्कोप कशाला, तर परीक्षानळीत फक्त पांढरं दिसतं. उजेड एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आपटत जातो आणि सगळी माहिती पुसली जाते. नमुना ०.१ मिमी जाडीच्या चपट्या काचनळीत भरला की उजेडाला एवढं आपटायला जागाच उरत नाही आणि ठिपके स्वतः दिसू शकतात. दानिएल बेसेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये द्विघटकी, म्हणजे दोन द्रवांच्या, मिश्रणातले हे चढउतार मायक्रोस्कोपखाली टिपले होते. आपणही ते एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच सुरुवातीला माझी हाव होती.

पण ठिपक्यांचा आकार बघा. क्रांतिक तापमानापासून १ अंश दूर असताना ते ७ नॅनोमीटरच्या घरात असतात. अंशाच्या शंभराव्या भागावर आलं की १३० नॅनोमीटर. अंशाच्या हजाराव्या भागावर, म्हणजे एका मिलिकेल्विनवर (लॅबमध्ये आम्ही नुसतं ‘मिलि’ म्हणतो), अर्धा मायक्रोमीटर ओलांडतात. माझं २० पट मोठं करणारं, ०.४ न्यूमरिकल ॲपर्चरचं (हा आकडा जितका मोठा तितका बारीक तपशील दिसतो) ऑब्जेक्टिव्ह हिरव्या उजेडात ०.७ मायक्रोमीटरच्या खालचं वेगळं दाखवू शकत नाही. ही मर्यादा ॲबेने १८७३ मध्ये सांगितली आणि त्याच वर्षी व्हॅन डर वाल्सचा क्रांतिक बिंदूचं कोडं उलगडणारा प्रबंध आला. दोघांची सरहद्द माझ्या टेबलावर शेवटच्या एका मिलिमध्ये येऊन भिडते. म्हणून पेटीवरच्या त्या ±०.००१ ला मी भुलले.

थर्मिस्टरची निवड चांगली केली आहे, हे कबूल. २५ अंशांना १० किलोओहमचा थर्मिस्टर ३४ अंशांजवळ एका मिलिला साधारण ०.३ ओहम बदलतो. त्या जागी १०० ओहमचा प्लॅटिनम घातला असता तर एका मिलिला ०.०००४ ओहमसुद्धा मिळाला नसता आणि सगळा गोंगाटच मोजत बसावं लागलं असतं. डिस्प्लेवर तिसरा दशांश अंक तासन्‌तास हलत नाही. पहिल्या दिवशी मी तो अंक बघून खूश होते.

मग नमुना ठेवला.

३३.८ पासून पाच-पाच मिलिंनी वर सरकत होते. ठोकळ्यावर साधी काचपट्टी, तिच्यावर चपटी नळी, झाकण काढलेलं, कारण झाकण लावलं की माझं जवळून बघणारं ऑब्जेक्टिव्ह आपटतं. अचानक भोकाच्या काठाशी एक ढगाळ कडं उमटलं. मधला भाग स्वच्छ. आणखी पाच मिलि, कडं किंचित आत. आणखी पाच, आणखी आत. शेवटी ते मध्यावर येऊन मिटलं तोवर मी सेटिंग पाव अंशाहून जास्त वर नेलं होतं. डिस्प्ले या सगळ्या वेळात तिसऱ्या अंकापर्यंत ठाम.

कारण बाळबोध आहे, पण तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. ठोकळा ३४ अंशांवर, खोली दहा अंशांनी थंड. नमुन्याला ऊब मिळते ती फक्त भोकाच्या काठावरून, आणि काच ही उष्णता वाहून न्यायला अगदीच आळशी. मध्यावर पोचेपर्यंत ऊब हवेत निघून जाते. माझा द्रव गरम झाल्यावर फुटतो, म्हणजे फारकत घेतो, म्हणून जिथे जास्त गरम तिथे तो आधी फुटला, आणि ते कडं म्हणजे माझ्या नमुन्यावर काढलेली समतापरेषाच होती. कुठल्याही थर्मामीटरने मला हा नकाशा दिला नसता. थर्मिस्टर जे सांगत होता ते खरंच होतं, फक्त तो ॲल्युमिनियमबद्दल बोलत होता.

आता सोबत आलेल्या सफायरच्या चकतीबद्दल. पुस्तिकेत तिच्याविषयी एकच ओळ आहे, ‘पर्यायी खिडकी’. पर्यायी कसली, तीच तर सगळं आहे! सफायर काचेच्या तीसपट उष्णता वाहून नेतो. चकती घातली, झाकण लावलं, आणि काठ ते मध्य हा फरक पाव अंशावरून ८–१० मिलिंवर आला. शिवाय हा उतार वाटीच्या तळासारखा असतो, काठाशी तीव्र आणि मध्याशी जवळजवळ सपाट. माझं दृष्टिक्षेत्र पाऊण मिलिमीटरभर रुंद. नमुना नेमका मध्यावर ठेवला तर तेवढ्या भागात एका मिलिचा दहावा भागसुद्धा फरक उरत नाही. नमुना दोन मिलिमीटर सरकला तर मात्र गेलं. त्यामुळे मध्य शोधणं हे या स्टेजवरचं अर्धं काम आहे, आणि त्यासाठी कंपनीने ठोकळ्यावर एक रेघही कोरलेली नाही. मी स्वतः बारीक सुईने फुली काढली.

झाकण लावायचं म्हणजे ऑब्जेक्टिव्ह दुरून बघणारं हवं. माझ्याकडे आधी जे होतं त्याचं कामाचं अंतर २ मिमीच्या आत होतं. २० मिमीच्या आसपासचं घ्यावं लागलं. हा खर्च पेटीवर दिसत नाही. जाड खिडकीतून बघताना प्रतिमा मऊ पडते, तेव्हा शक्य असेल तर दुरुस्तीची कडी (खिडकीच्या जाडीनुसार भिंग जुळवणारी) असलेलं घ्या. आणि चुकूनही तेलातलं ऑब्जेक्टिव्ह लावू नका. ते थेट नमुन्यावर टेकलेला पितळेचा गोळा आहे. सगळी ऊब नाकातून ओढून घेतं.

सफायरमुळे एक छोटी अडचण. ध्रुवित उजेडात काम करणाऱ्यांनी चकती कुठल्या अक्षाने कापली आहे ते विचारून घ्यावं, नाहीतर नसलेले रंग दिसतील. माझ्या कामात फरक पडला नाही.

दुसरा महिना दिव्याने खाल्ला. माझ्या जुन्या मायक्रोस्कोपला हॅलोजन दिवा आहे. चकती-झाकण सगळं जागेवर, मध्यावर नमुना, आणि तरी क्रांतिक तापमान दर वेळी वेगळं येत होतं: कधी ३३.८६२, कधी ३३.८४०. मी नमुन्याला दोष देत होते. माझ्याबरोबर काम करणारा विद्यार्थी आयपीसला डोळा लावून बसला होता.

“मॅडम, उजेड कमी केला की ढग जातात.”

“कमी उजेडात ढग दिसत नसतील रे.”

“नाही, थोडा वेळ थांबून जातात. आणि उजेड वाढवला की परत येतात. तुम्ही बघा ना.”

बघितलं. खरंच होतं. दिव्याच्या उजेडातली अवरक्त किरणं पाणी आणि ठोकळा दोघंही गिळत होते आणि दृष्टिक्षेत्राला वीस-बावीस मिलि चढवत होते. प्रत्येक वेळी फोटोसाठी दिवा मोठा केला की मीच माझा नमुना तापवत होते! त्या मुलाला मी त्या दिवशी लवकर घरी जायची परवानगी दिली, तो गेला नाही. नंतर हॅलोजन काढून हिरवा एलईडी लावला, कॅमेऱ्याच्या उघडझापीबरोबर तोही चालू-बंद होईल असं तारांचं जुगाड केलं. फरक अर्ध्या मिलिच्या आत आला. हॅलोजन ठेवायचाच असेल तर निदान उष्णता अडवणारा फिल्टर घाला. पुस्तिकेत दिव्याबद्दल एक अक्षर नाही.

तिसरी गोष्ट खोलीची. हे सगळं झाल्यावरही चित्र श्वास घेतल्यासारखं करत होतं, धूसर, स्वच्छ, धूसर, स्वच्छ. ठरावीक मिनिटांनी. मी घड्याळ लावून बसले तेव्हा कळलं की एअर कंडिशनरच्या कॉम्प्रेसरचा ताल आणि माझ्या द्रवाचा ताल एकच आहे. तीन-चार मिलिंचा झोका. थर्मिस्टर ठोकळ्याच्या पोटात सुखात, त्याला पत्ताच नाही. फोमच्या तक्त्यांचा एक खोका करून सगळा मायक्रोस्कोप त्यात कोंडला, फोकसच्या चाकासाठी बाजूला भोक ठेवलं, आणि झोका एका मिलिच्या आत आला. दिसायला भयंकर आहे. पाहुणे आले की मी त्यावर कापड टाकते.

एवढं केल्यावर काय दिसलं?

क्रांतिक तापमानाच्या एक-दीड मिलि खाली चित्रात आधी नुसती खरखर येते. कॅमेऱ्याची असेल असं वाटतं. मग लक्षात येतं की ही खरखर सरकते आहे. ठिपक्यांना कडा नाहीत, आकार नाही. एक उजळ भाग दुसऱ्यात विरघळतो, तोवर तिसरीकडे नवा उमटतो. आणि हे सगळं सावकाश. या मिश्रणात अर्ध्या मायक्रोमीटरचा ठिपका बनून विरायला सेकंद-दीड सेकंद लागतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी, कॅमेऱ्याच्या करामतीशिवाय बघता येतं. लहान ठिपके मोठ्यांत, मोठे आणखी मोठ्यांत. कुठलं चित्र किती मोठं केलंय, हे मापाची पट्टी बघितल्याशिवाय सांगता येत नाही. याच कारणाने भौतिकशास्त्रज्ञ केनेथ विल्सनला सगळ्या मापांचा एकदम हिशेब ठेवणारं गणित रचावं लागलं. १९८२ चं नोबेल त्यासाठी मिळालं. मी वर्षानुवर्षं ते गणित वाचत होते आणि त्या दिवशी खोक्याच्या भोकातून ते हलताना दिसलं. पाऊण तास कोणी बोललं नाही.

क्रांतिक बिंदू पहिल्यांदा गाठणाऱ्या फ्रेंच कान्यार द ला तूरला १८२२ मधल्या पहिल्या प्रयोगांत यातलं काहीच बघता आलं नव्हतं, कारण त्याने द्रव बंदुकीच्या बंद नळीत कोंडले होते. आत गारगोटीचा गोळा टाकून, नळी तापवत, हलवत, तो आवाज ऐकत होता. एका तापमानानंतर द्रवातून गोळा गेल्याचा आवाज येईनासा झाला. कधीकधी माझ्या फोमच्या खोक्याकडे बघून मला त्या नळीची आठवण होते.

फारकतीचा क्षणही सुंदर आहे. क्रांतिक तापमानाच्या पाच मिलि खालून पाच मिलि वर एकदम उडी मारली की काही सेकंदांत पूर्ण चित्रभर एकमेकांत गुंतलेली जाळी उमटते, ना याचे थेंब, ना त्याचे, दोघेही अखंड. मग ती जाळी जाड होत जाते. जोवर तिची जाडी नळीच्या जाडीपेक्षा कमी आहे तोवर बघण्यासारखं असतं. नंतर भिंती आड येतात आणि जड भाग खाली, हलका वर बसतो. वरून बघताना दोघे एकावर एक येतात आणि चित्र गढूळ होतं. त्यासाठी स्टेजला काही म्हणता येणार नाही, मायक्रोस्कोप आडवा करावा लागेल.

आता नियंत्रकाबद्दल, इथे माझी तक्रार खरी आहे. कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर तो लक्ष्याच्या वीस मिलि वर जाऊन मग खाली येतो. पेशी बघणाऱ्याला याने काही होत नाही. माझा द्रव मात्र त्या वीस मिलिंत फुटतो, आणि बंद नळीत ढवळायची सोय नाही. लगेच लक्षात आलं तर अर्धा अंश खाली आणून अर्धा-पाऊण तास थांबलं की पुन्हा एकजीव होतो. रात्रभर तसाच राहिला तर ठिपक्यांची मोठाली बेटं होतात आणि ती विरायला दिवस जातो. माझे दोन शनिवार असे गेले. नियंत्रकाचे आकडे हाताने बदलता येतात, पण ते ज्या पडद्यावर आहेत तो पडदा पुस्तिकेत नाहीच. ग्राहक सेवेने ईमेलवर सांगितला. तापमान चढवण्याचा सर्वात कमी वेग मिनिटाला ०.०१ अंश, म्हणजे दहा मिलि. शेवटच्या टप्प्यात हा वेग म्हणजे धावत येऊन उंबरठ्याला अडखळणं. मी हाताने एक-एक मिलि वाढवते आणि दर वेळी दहा मिनिटं थांबते.

आणि सॉफ्टवेअर! डिस्प्लेवर तीन दशांश, पण संगणकावर जी फाईल साठवली जाते तिच्यात दोनच. तीन दशांशांच्या जोरावर विकलेल्या यंत्राची नोंदवही दोन दशांशांची. मी लिहिलं, त्यांनी ‘पुढच्या आवृत्तीत’ असं कळवलं, आणि पुढची आवृत्ती आली तेव्हा फाईलमध्ये तीन दशांश आले खरे, पण तिसरा कायम शून्य. आता मी थर्मिस्टरच्या तारांना समांतर जोड काढून वेगळ्या मल्टिमीटरवर ओहम नोंदवते. असं केलं की हमी रद्द होते, हे जाता जाता सांगते. बाकी ग्राहक सेवा सज्जन आहे, दोन दिवसांत उत्तर येतं आणि उत्तर लिहिणाऱ्याला ओहम म्हणजे काय ते माहीत असतं.

चौदा नमुने का, तर पहिले नऊ डिंकाने गेले. चपट्या नळीची टोकं मी दोन घटकांच्या चिकटद्रव्याने बंद करत होते. ल्युटिडीन ते हळूहळू मऊ करतं, आणि क्रांतिक तापमान दिवसाला काही मिलि सरकत जातं. मी ते सरकणं दीड आठवडा स्टेजच्या नावावर लिहिलं. हा माझाच गाढवपणा, यंत्राचा काही संबंध नाही. दहाव्यापासून टोकं ज्योतीवर वितळवून बंद करते, मधला भाग ओल्या गार फडक्यात गुंडाळून. दहा ते चौदा या पाचांचं क्रांतिक तापमान महिनोन्‌महिने जागेवर आहे. वास मात्र कसाही येतोच. ल्युटिडीन एकदा टेबलावर सांडलं की आठवडाभर सगळे तुम्हाला विचारतात काय सांडलं म्हणून. धूर ओढणाऱ्या कपाटातच भरा.

माहितीपत्रकातला एक फोटो मात्र दिशाभूल करणारा वाटतो. त्यात या स्टेजवर उच्च दाबाची धातूची कुपी ठेवून वायूचा क्रांतिक बिंदू बघताना दाखवलं आहे. बसते ती, नाही असं नाही. पण सल्फर हेक्झाफ्लोराइडचा क्रांतिक बिंदू ४५.६ अंशांना, वातावरणाच्या सदतीस पटींच्या आसपास दाबाला आहे. कार्बन डायऑक्साइडचा ३१ अंशांना, पण तिथे दाब जवळपास दुप्पट. एवढा दाब पेलायला खिडक्या जाड लागतात, कुपी जड होते, आणि हा छोटा पेल्टियर तिला सांभाळताना धापा टाकतो. मी एका उसन्या कुपीवर आठवडाभर प्रयत्न केला. कुपीत वायू नेमका क्रांतिक घनतेचा भरला असेल तर तापवताना द्रवाची पातळी मध्यावरच राहून अस्पष्ट होत नाहीशी होते. कमी भरला तर ती खाली जाते, जास्त भरला तर वर. तेवढं दिसलं, आणि दिसतं तेव्हा मजाच येते. पण ठिपके? वायूची चिकटाई इतकी कमी की तेवढाच ठिपका सेकंदाच्या काही शतांश भागात विरतो. माझा साधा कॅमेरा त्याला पुरत नाही.

त्यात गुरुत्वाकर्षण. क्रांतिक बिंदूजवळ वायू इतका दबता होतो की स्वतःच्याच वजनाने तळाशी दाट आणि वर विरळ बसतो. मग क्रांतिक घनता फक्त एका पातळ थरातच सापडते. म्हणूनच तर लोकांनी हे प्रयोग अवकाशात नेले: १९९४ मध्ये स्पेस शटलवर झेनॉन, आणि २००९ पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या फ्रेंच ‘डेक्लिक’ उपकरणात सल्फर हेक्झाफ्लोराइड. त्यांच्या तापनियंत्रणाची तुलना या स्टेजशी करायची नसते. आणखी एक, सल्फर हेक्झाफ्लोराइड शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त उष्णता अडवतो. गळकी कुपी घेऊन खेळायचा वायू नव्हे तो. वायूसाठी स्टेज हवी असेल तर ही घेऊ नका, कुपीभोवती दोन-तीन कवचं असलेला स्वतंत्र थर्मोस्टॅट बांधा.

द्विघटकी मिश्रणांसाठी मात्र मी पुन्हा हीच घेईन. कंपनीने दिलेल्या अवस्थेत मला ती पाचातले अडीच देण्यासारखी वाटते. सफायर, एलईडी, फोमचा खोका, हाताने सुधारलेले आकडे हे सगळं जमवल्यावर साडेचार. अर्धा गुण त्या नोंदवहीचा कापला, तो मी देणार नाही. आयसोब्युटिरिक आम्ल आणि पाणी ही जोडीही यावर चालवली, २६ अंशांजवळ. खोलीच्या तापमानाच्या एवढं जवळ असल्याने काठ-मध्य फरक आणखी कमी निघाला, म्हणजे सुरुवात करायला तीच सोपी. पण त्या आम्लाला खवट लोण्याचा वास येतो आणि माझ्या सहकाऱ्यांनी मला दोन पर्यायांतून ल्युटिडीन निवडायला लावलं.

बसवणाऱ्यांसाठी शेवटचं: चार स्क्रूंपैकी कुठलाही जोर लावून आवळू नका. खालची आटी नरम ॲल्युमिनियमची आहे. माझी मागच्या डाव्या कोपऱ्यातली पहिल्याच आठवड्यात गेली, आणि तेव्हापासून स्टेज तीनच स्क्रूंवर उभी आहे.